लुगड्याचा पट्टा

माझी माय शेवटच्या दिवशीसुद्धा माझ्या मराठीवर हसली. आता मीही हसते, कारण ती मराठी हसण्यासारखीच होती. चांद्याला मावशीकडे राहून मॅट्रिकच्या वर्गात बसायला लागल्यापासून मी ‘मले’ टाकून ‘मला’ धरलं होतं. ‘काऊन’ म्हणायची लाज वाटायची, त्याऐवजी ‘का बरं’ म्हणायची. सुट्टीत घरी आले की पुढ्यात आलेल्या आंबिलीच्या वाटीकडे बघत, रेडिओवरच्या बाईच्या सुरात, ‘मला हे नको’ असं सांगायची. माय चुलीपुढून मान वळवून शेजारच्या सखूबाईला हाक मारायची, “ऐक वो सखू, आमच्या घरी रेडिओ आला. याले बॅटरी लागत नाई, नुस्ती आंबील लागते. पण पेत नाई मेला!” आणि मग दोघी अशा हसायच्या की अंगणातल्या कोंबड्या दूर पळायच्या. मी पाय आपटत मागच्या दारी जाऊन बसायची, दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधलेली, आपल्यासारखी शहाणी अख्ख्या झाडीपट्टीत नाही असं समजणारी. ती पोरगी आज माझ्या दारात आली तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग पोटभर चिडवीन.

आमचं गाव चामोर्शीच्या बाजूचं, वैनगंगेच्या काठाला लागून. घर मातीचं, वर कवेलूचं छप्पर, आणि त्या घरात दिवस उजाडायचा तो धान कांडायच्या ढेकीच्या आवाजानं. माय एका पायानं ढेकी दाबायची, धप्प, आणि ती वर आली की तेवढ्या सवडीत सखूबाईशी एक वाक्य बोलायची. धप्प, की पुढचं वाक्य. त्यामुळे तिचं सगळं बोलणंच तुकड्यातुकड्यांचं, ठेक्यातलं झालं होतं, ढेकीवर नसतानाही. सकाळी आंबील, दुपारी भात आणि लाखोरीचं वरण, रात्री पुन्हा भात, त्यावर बोडीतून, म्हणजे शेतातल्या तळ्यातून आणलेल्या झिंग्यांची चटणी. वालाच्या शेंगा आल्या की वाल, मोह पडला की भिजवलेल्या मोहाच्या पोळ्या. आज माझ्या नातीच्या घरी फ्रीज उघडला की थंड हवेबरोबर अर्धं दुकान बाहेर येतं, आणि तरी ती म्हणते, “आजी, खायला काहीच नाही गं.” मी फ्रीज बंद करते. मीही एकदा रेडिओ होते.

बाबा म्हणजे गावातले विचारायचे माणूस. पेरणीला कोणत्या पायानं शेतात शिरायचं, सुतक कुणाला किती, नव्या सुनेनं चूल कधी शिवायची, सगळं त्यांना विचारून व्हायचं. ते कमी बोलायचे आणि बोललेलं फिरवायचे नाहीत. माय त्यांच्या पाठीमागे म्हणायची, “याहिले इचारल्याबिगर कोंबडा आरवत नाई.” समोर कधी म्हणाली नाही. पण तिला बाबांचं सगळं पटायचं असंही नव्हतं, हे मला खूप उशिरा कळलं.

त्या वर्षी पौषात तिच्या पोटात गोळा धरला. आधी ओवा, मग गावातल्या बाईचा झाडपाला, मग माघ सरता सरता चांद्याचा मोठा दवाखाना. सोमामामा, तिचा धाकटा भाऊ, तिथेच एका लाकडाच्या ठेकेदाराकडे जीप चालवायचा, त्यामुळे डबे पोचवणं त्याच्याकडे आणि रात्री खाटेखाली झोपणं माझ्याकडे. मायच्या खाटेखाली बसून मी भौतिकशास्त्र पाठ करायची, मोठ्यानं, म्हणजे आजूबाजूच्या खाटांना कळावं की ही मुलगी शिकते. बाबा दोनदा येऊन गेले. धान मळायचं होतं, बैल होते, ते किती थांबणार.

चैत्रात डॉक्टरांनी मामाला व्हरांड्यात नेलं. मामा परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि तो म्हणाला, “बाई, तुह्या पोटाले गावचं पाणी पाहिजे म्हंते डॉक्टर.” मायनं त्याच्याकडे नीट बघितलं. “रडाचं असन तं बाहेर रडून ये,” ती म्हणाली, “आन् मंग मले सांग, शिवेच्या आत पोचवतेस का नाई.”

हे शिवेचं सांगायला हवं. आमच्या गावात रीत अशी होती की माणूस गावाच्या शिवेबाहेर मेलं, तर त्याला गावात आणायचं नाही. शिवेवरच्या चिंचेखाली ठेवायचं, तिथेच आंघोळ घालायची, तिथूनच नदीवर न्यायचं. घरात नाही, अंगणातसुद्धा नाही. रीत जुनी होती, आणि ती पाळली जाते की नाही हे बघणारे माझे बाबाच होते. परगावी साप चावलेल्या एका तरण्या पोराला त्यांनी त्या चिंचेखाली ठेवायला लावलं होतं आणि त्याची आई गुडघ्यावर येऊन विनवत असताना मान हलवली होती. मायनं ते बघितलं होतं. मरणाचं तिला फारसं काही वाटत नव्हतं, निदान ती तसं दाखवत तरी नव्हती. पण चिंच तिच्या मनातून जात नव्हती. “माह्या हातानं सारवलेलं अंगण,” ती रात्री मला म्हणायची, “आन् मीच बाहेर? येनाऱ्या-जानाऱ्याच्या समोर आंघोळ? तुह्या बाबाले कोनी सांगावं. मी तं नाई सांगत. तो इचारायचा मानूस, सांगायचा नोहे.”

निघायच्या आदल्या दिवशी मामानं बाजारातून एक पुडकं आणलं आणि जीपच्या पुढच्या सीटखाली खुपसलं. हिरवं नऊवारी लुगडं, लाल काठाचं. नवरा असताना जाणाऱ्या बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, आणि मायच्या माहेरी मामाशिवाय कोणी उरलं नव्हतं. त्याला वाटत होतं तिला कळलं नाही. सकाळी तिला उचलून जीपच्या मागच्या भागात गादीवर निजवल्यावर तिनं हात पसरला. “दाखव.” मामा म्हणाला, “काय?” “सीटखालचं दाखव म्हनलं.” त्यानं पुडकं सोडलं. तिनं काठ बोटात धरून चोळला. “सूत बरं हाय. जित्तेपनीच आनलं असतंस, तं दोन लग्नात मिरवलं असतं ना रे मी.” मामा पुन्हा बाहेर जाऊन रडून आला. असा तो ड्रायव्हर. घाटात ट्रकला वाट न देणारा आणि बहिणीच्या एका वाक्यात पाणी होणारा.

मग आम्ही निघालो. मायचं डोकं माझ्या मांडीवर. चांदा मागे पडलं आणि जंगल सुरू झालं. चैत्रातलं उघडं जंगल, पायाशी पानांचा चुरा आणि वर मोहाचा असा दाट वास की जीपमधल्या पेट्रोलचा वास हरला. मायनं डोळे मिटून तो ओढून घेतला. श्वास तिला पुरत नव्हता, दोनतीन घोट घेतल्यासारखा घ्यायची आणि थांबायची. पण ती खुशीत होती. आपण घरी चाललो, ह्यापलीकडचं ती बघत नव्हती.

चिचपल्ली मागे टाकून बरंच पुढे गेल्यावर बोनटखाली चाबूक मारल्यासारखा आवाज झाला. मामानं जीप बाजूला घेतली, बोनट उघडलं, आणि वाफेच्या पलीकडे त्याचं तोंड दिसेनासं झालं. पंख्याचा पट्टा तुटला होता. तो पट्टा पंखाही फिरवतो आणि पाणीही खेळवतो. तो नसला तर इंजिन तापून गप्प बसतं, आणि त्या म्हाताऱ्या जीपला तर तापायला निमित्तच लागायचं. जादा पट्टा नव्हता, कारण जादाचा म्हणून ठेवलेला आधीच लागला होता, आणि तोच हा तुटलेला.

आता माझी शहाणपणाची वेळ आली. मी खाली उतरले, हात कमरेवर ठेवले आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून सांगितलं, “मामा, ही उष्णता आहे ना, हिचं वहन होत नाहीये.”

मामा घामानं निथळत होता. “मंजे,” तो मला नावानं हाक मारून म्हणाला, “उष्णतेले सांग, घरी जाऊन वहन कर म्हना. माह्या मागं पाना पडला हाय तो दे.”

जीपमधून मायचा आवाज आला, तुटक, ढेकीवरचा. “सोमा. रेडिओ लागला काय रे? बातम्या का म्हन्ते?”

मामानं आधी स्वतःचा कमरपट्टा काढून बघितला. तो पुलीवर बसला, इंजिन सुरू होताच निसटला आणि कोरड्या नाल्यात जाऊन पडला, आणि मामा त्या दिवसभर एका हातानं पँट धरून वावरला. मग पाण्याच्या डब्याला बांधलेली काथ्याची दोरी. ती धूर सोडून गेली. मग मी पुढे झाले. सांगताना आज माझं मलाच हसू आवरत नाही, पण तेव्हा मी अगदी गंभीर होते. मी वेण्या सोडल्या, दोन्ही लाल रिबिनी काढल्या आणि तळहातावर ठेवून मामापुढे धरल्या, जणू गळ्यातलं सोनं काढून देते आहे. त्या मामानं गुपचूप पिळून, जोडून बांधल्या. इंजिननं त्या एका घासात खाल्ल्या. ढेकरही दिला नाही.

“गेल्या काय?” मायनं विचारलं.

“गेल्या,” मी म्हणाले.

“बरं झालं. डोक्शावर दोन मिरच्या लावल्यावानी दिसत होत्या.”

रस्त्याच्या वरच्या अंगाला मोह वेचणाऱ्या दोन गोंड बाया होत्या. टोपल्या ठेवून त्या खाली आल्या. थोरलीनं आत वाकून मायकडे बघितलं. मायचं किती उरलंय ते तिला कळलं, आणि तिला कळलं हे मायनं ओळखलं. “कुठी नेऊन राह्यले?” तिनं विचारलं.

“माह्या घरी,” माय म्हणाली.

“मंग चांगलं.” तिनं धाकटीकडून पाण्याचा तुंबा घेतला. आधी मायच्या ओठांना लावला, मग मामाकडे दिला. उरलेलं सगळं रेडिएटरमध्ये गेलं. दिवसभराचं पाणी होतं ते त्यांचं, जवळपास ना नदी ना वाहता ओढा. मामा हात जोडायला लागला तेव्हा त्याची पँट सुटली, आणि त्या दोघी तोंडावर पदर घेऊन अशा हसल्या की मायलाही हसू आलं. हसू तिला सोसलं नाही. खोकला आला, मग श्वास कितीतरी वेळ परत येईना. मी तिची छाती चोळत राहिले. श्वास आला तेव्हा तिच्या कपाळावर थंड घाम होता आणि चेहऱ्यावरची खुशी उतरली होती. तिनं सूर्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. मोटार नाही, बैलगाडी नाही. सकाळची बस आमच्या आधीच गेली होती, पुढची संध्याकाळी.

“सोमा,” ती म्हणाली. “ते लुगडं फाड.”

मामानं ऐकलं नाही असं दाखवलं. वाकून उगीच पुली पुसत राहिला.

“तुले सांगून राह्यली मी. नऊ वार हाय. तुही गाडी किती खाईन?”

“बाई, ते नाई.”

“काऊन नाई?”

“ते… ते तुह्यासाठी आनलं.”

“मंग मीच तं मागून राह्यली.”

मामा रस्त्यावर उकिडवा बसला. “माहेरचं अखेरचं लुगडं हाय वो बाई ते. फाडलं तं उद्या तुले काय नेसवू? भाऊजी काय म्हनन, लोक काय म्हनन? एकच बहीन होती आन् तिले एक धड लुगडं नाई दिलं म्हनन.”

“लोक शिवेच्या आत हायेत,” माय म्हणाली. “मी बाहेर हाय. आधी मले आत ने, मंग बोलू दे त्याहिले.” आणि तिनं पुडक्यातून काठ ओढला, दातात धरला आणि खेचला. तिच्या दातात जोर नव्हता. सूत तसंच राहिलं, ओलं झालेलं. ती पुन्हा चावली. ते बघणं मला झालं नाही. मी तिच्या तोंडातून ते काढून घेतलं आणि थोरल्या गोंड बाईनं मोहाच्या झाडाखालून आणलेला विळा माझ्या हातात दिला. पहिला छेद मी दिला. नव्या सुताचा फाटण्याचा आवाज फार मोठा असतो. मामानं कानावर हात ठेवले होते.

लोक मला आजही विचारतात, मग तिला नेसवलं काय. तिचंच एक धुऊन धुऊन मऊ झालेलं निळं. आणि कुणी काही बोललं नाही. पण ते पुढचं.

लुगड्याचा पट्टा असा होतो. लांब चिंधी फाडायची, ती ओली करून दोघांनी उलट बाजूंना पीळ द्यायचा, दोर घट्ट झाला की डायनामो ढिला करून दोन पुल्यांवर चढवायचा, गाठ मारायची आणि पान्यानं डायनामो बाहेर ओढून ताण द्यायचा. मी पीळ धरला, मामानं गाठ मारली. इंजिन लागलं. पंखा फिरला. आणि दर फेऱ्याला ती गाठ पुलीवरून जाताना टप्प असा आवाज यायला लागला. टप्प, टप्प, टप्प. जीप चालली की तो वाढायचा, हळू झाली की कमी व्हायचा. बाया रस्त्यात उभ्या राहून बघत होत्या. थोरलीनं मायच्या मुठीत मोहाची चार फुलं ठेवली होती.

मायनं डोळे उघडले. “ऐक,” ती मला म्हणाली. “ढेकी.”

खरंच ढेकीसारखा आवाज होता तो. तिथून पुढे ती त्या आवाजाच्या मधल्या जागेत बोलत राहिली. कुण्या वासराची आठवण, सखूबाईनं उसनी नेलेली पायली, माझ्यासाठी बघितलेला पोरगा ज्याचे कान मोठे होते. “कान मोठे असले म्हंजे… नवरा ऐकते, मंजे.” एक चिंधी जळाली की धुराचा वास यायचा, टप्प बंद व्हायचं, मामा उतरायचा. मी लुगड्यातून पुढची फाडायची. दर वेळी गठ्ठा हलका लागायचा. वाटेतल्या मूल गावात दुकानात विचारलं, तर ह्या जीपचा पट्टा इथे नाही, चांद्याहून मागवावा लागेल म्हणाले. चांद्याहूनच तर आलो होतो. बाजारातलं सुतळीचं दोरखंड घेऊन पाहिलं, ते जाड पडलं, पुलीत बसेना. दुकानदार म्हणाला, पेशंट आहे तर इथल्या दवाखान्यात दाखवा. मायनं आतून नाही म्हणून हात हलवला. मूलचं मरण काय आणि चिचपल्लीचं काय, तिच्या लेखी दोन्ही शिवेबाहेरचीच.

परवा माझ्या नातीची गाडी नागपूरच्या रस्त्यावर बंद पडली. तिनं फोन लावला, एक माणूस मोटारसायकलवर आला, गाडी सुरू झाली, तेवढ्यात तिनं मला त्या गाडीचा फोटोही पाठवला. मी तिला विचारलं, “पंख्याचा पट्टा तुटला होता का?” ती म्हणाली, “आजी, तुला पंख्याचा पट्टा कसा माहीत?” मी म्हणाले, मी भौतिकशास्त्र शिकलेली आहे.

नदीवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वैनगंगा चैत्रात एका अंगाला जाऊन बसते, बाकी सगळी वाळू. त्या वाळूत उन्हाळ्यापुरता फांद्या आणि मुरूम टाकून गाडीवाट करायचे. पलीकडच्या काठावर आमची चिंच दिसत होती, आणि चिंचेच्या मागे, थोडं वर, कवेलू. मी मायचं डोकं उचलून धरलं. “पाह्य, माय, घर.” ‘बघ’ म्हणायचं मी विसरले होते. तिनं बघितलं. मला वाटतं तिनं बघितलं.

वाळूत चाकं रुतत होती, इंजिन ओरडत होतं, आणि मध्यावर शेवटची चिंधी जळाली. लुगडं संपलं होतं. नुसता पदर उरला होता, जो मामानं पहिल्या छेदापासून बाजूला घडी करून ठेवला होता. तो हातात घेऊन मामा वाळूत उभा राहिला. पलीकडे काठावर माणसं जमायला लागली होती. ऐकू जाईल एवढंच अंतर, आणि मायला उचलून न्यावं तर वाळू गुडघाभर खोल आणि तापलेली. मामा माझ्याकडे बघत होता. मी मायकडे.

“वाट कोनाची पाहून राह्यला,” ती म्हणाली. आता तिचा आवाज माझ्या मांडीलाच ऐकू येत होता. मी तो मोठ्यानं सांगितला. मामानं पदर फाडला, रडत रडत, आणि मी उतरून पीळ धरला. पुन्हा येऊन बसले, डोकं मांडीवर घेतलं. जीप लागली. टप्प, टप्प. पदराचं सूत जाड होतं, गाठ मोठी आली होती.

“याचा आवाज येगळा हाय,” माय म्हणाली.

त्यानंतर ती काही बोलली नाही. वाळूतून वर येईपर्यंत मी तिच्या केसांतून बोटं फिरवत होते आणि मला बरं वाटत होतं, की तिला धाप लागत नाही. मामानं पुढून, मागे न बघता विचारलं, “बाई बोलून राह्यली का?”

“झोपली,” मी म्हणाले. एवढी मी हुशार. मग तिच्या मुठीतून मोहाची फुलं खाली घरंगळली आणि मूठ तशीच उघडी राहिली. एक माशी तिच्या ओठावर बसली आणि उडाली नाही. मी मामाला पुन्हा काही सांगितलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. चिंच अजून पुढे होती.

बाबा चिंचेच्या अलीकडे, वाटेच्या मधोमध उभे होते. त्यांच्या मागे सखूबाई आणि गावातली पाचसहा माणसं. गाठीचा आवाज नदीवरून सगळ्यांना ऐकू गेला होता. मामानं जीप थांबवली, इंजिन बंद केलं नाही. बाबा मागे आले. त्यांनी मायकडे बघितलं, आणि मी त्यांच्याकडे. अर्ध्या गावाला शेवटची आंघोळ घातलेला माणूस तो. त्याला काय सांगायचं होतं? माझ्या तोंडात ‘मला’ नव्हतं आणि ‘मले’ही नव्हतं.

त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मागचे लोक आपोआप चिंचेच्या सावलीतून बाजूला सरकायला लागले होते, जागा करायला. कुणीतरी पाण्यासाठी वळलंही होतं.

“ताप हाय,” बाबा म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. “उन्हाचा ताप चढला हाय तिले. सोमा, काऊन थांबला? घरी चल.”

कुणी हललं नाही. मग सखूबाई पुढे आली, वाकली, आणि आपला हात बाबांच्या हाताशेजारी मायच्या कपाळावर ठेवला. मी तिच्याकडे बघत होते. तिनं एकदा बाबांकडे बघितलं.

“हो वो माय,” ती म्हणाली. “भाजून राह्यलं कपाळ.”

बाबा मागे चढून बसले. जीप चिंचेखालून गेली, शिवेच्या शेंदरी दगडापलीकडे गेली, टप्प टप्प करत गल्लीतून आमच्या अंगणात शिरली. लोक मागून चालत आले, आणि त्यांच्यातला एकही जण रडला नाही, कारण आजारी माणसापुढे रडत नाहीत. लुगड्याचंही कुणी विचारलं नाही. जित्या बाईच्या अखेरच्या लुगड्याची चौकशी कोण करतं? बाबांनी तिला एकट्यानं उचललं. उंबरठ्यावर तिचं डोकं लागू नये म्हणून तिरके होऊन आत गेले आणि तिच्या खाटेवर निजवलं, उशी सारखी केली, पायावर गोधडी घातली.

“मंजे,” ते म्हणाले, “चूल पेटव. पेज टाक. दिवसभराची उपाशी असन ते.”

मी पेज टाकली. तांदूळ हातात घेताना सांडले, पुन्हा वेचले. मीठ घातलं. मायला पेजेबरोबर जवसाची चटणी लागायची म्हणून तीही वाटली. दारात मामा एका हातानं पँट धरून उभा होता आणि सखूबाई त्याला धरून. पेज शिजेपर्यंत बाबा तिच्या उशाशी बसून बोलत होते. धान किती झालं, तांबडी गाय व्यायला झाली, ढेकीचा खुंटा बदलायला हवा. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मधूनमधून थांबायचे, तिच्या बोलण्यापुरते.

मी वाटी नेली. बाबांनी तिची मान हातावर घेतली, फुंकर मारून पेज निववली आणि ओठांना लावली. ती गालावरून ओघळून त्यांच्या हातावर आली. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तिचं तोंड पुसलं, अगदी सावकाश, आणि दाराशी उभ्या असलेल्या सगळ्या गावाकडे बघून सांगितलं, “पेली.”

मी वाटीत आणखी पेज आणायला वळले.